महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट कसा स्थापन करावा: पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी

वडील शिक्षक म्हणून निवृत्त झाले होते. ते गेले तेव्हा मागे साडेतीन कपाटे भरतील एवढी पुस्तके होती आणि बँकेत काही ठेवी होत्या. त्या पैशांतून तालुक्याच्या गावी मुलांसाठी विनामूल्य अभ्यासिका चालवावी आणि त्यासाठी ट्रस्ट करावा, असे आम्ही भावंडांनी दहाव्या दिवशीच ठरवले. प्रत्यक्ष नोंदणी प्रमाणपत्र हातात पडायला त्यानंतर अकरा महिने लागले. त्यांतले निदान चार महिने आमच्याच चुकांत गेले. त्या चुका सांगता याव्यात म्हणून हा लेख लिहिला आहे. मी वकील नाही. मजकूर पक्का करताना वकिलाला आणि सनदी लेखापालाला दाखवणे गरजेचेच आहे. मात्र त्यांच्याकडे काय विचारायचे हे ठाऊक असले तर फी आणि वेळ दोन्ही वाचतात.

1. ट्रस्टच हवा आहे का, हे आधी ठरवा

कुटुंबातल्या ठरावीक माणसांच्या हितासाठी, उदाहरणार्थ अपंग मुलाच्या पुढील सोयीसाठी, केलेला ट्रस्ट हा खासगी ट्रस्ट असतो आणि त्याला 1882 चा भारतीय न्यास अधिनियम लागू होतो. लाभ सर्वसामान्य लोकांना किंवा त्यांच्यातल्या एखाद्या मोठ्या गटाला मिळणार असेल तर तो सार्वजनिक ट्रस्ट होतो. महाराष्ट्रात अशा ट्रस्टसाठी 1950 चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहे. जुन्या कागदांत आणि वकिलांच्या बोलण्यात तो अजूनही ‘बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स ॲक्ट’ असतो. कायदा तोच आहे, नाव बदलले आहे. या कायद्याखाली नोंदणी आणि देखरेख धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडे असते. मुख्य कार्यालय मुंबईत वरळीला आहे, पण आपली गाठ बहुधा जिल्ह्याच्या सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांशी पडते.

दुसरा मार्ग 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था काढण्याचा आहे. तिला किमान 7 सभासद लागतात, कार्यकारी मंडळ निवडून येते, आणि धर्मादाय हेतूच्या संस्थेला महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते. संस्थेच्या क्रमांकाआधी ‘एफ’ आणि साध्या धर्मादाय ट्रस्टच्या क्रमांकाआधी ‘ई’ दिसते ते यामुळेच. तिसरा मार्ग कंपनी कायद्याच्या कलम 8 खालील ना-नफा कंपनीचा आहे. सभासद वाढवायचे असतील आणि निवडणुका घेण्याची तयारी असेल तर संस्था काढावी. मोजक्या माणसांनी एखादा निधी सांभाळून काम चालवायचे असेल तर ट्रस्ट सोयीचा पडतो. आमचे काम या शेवटच्या प्रकारचे होते.

केवळ गणेशोत्सवासाठी वर्गणी गोळा करायची असेल तर त्यासाठी ट्रस्टचा खटाटोप करू नये. नोंदणी नसलेल्या मंडळांना 1950 च्या याच विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 सी खाली तेवढ्यापुरती परवानगी मिळते. तसेच सिद्धिविनायक किंवा शिर्डीच्या संस्थानाची घटना समोर ठेवून आपले न्यासपत्र, म्हणजे ट्रस्ट स्थापन करणारा दस्त, लिहिण्याचा मोह टाळावा. त्या दोन्ही देवस्थानांसाठी विधिमंडळाने अनुक्रमे 1980 आणि 2004 मध्ये स्वतंत्र कायदे केले आहेत आणि तो साचा आपल्या कामाचा नाही. गोव्यातल्या वाचकांनाही एक सूचना द्यायला हवी. महाराष्ट्राचा 1950 चा कायदा गोव्यात लागू नाही आणि तिथली देवस्थाने 1933 च्या पोर्तुगीजकालीन देवस्थान नियमांखाली महाजनांकडून चालवली जातात.

2. उद्दिष्टे थोडी आणि स्पष्ट ठेवा

कायद्याच्या कलम 9 मध्ये धर्मादाय हेतू कोणते ते सांगितले आहे. दारिद्र्य वा संकट निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, समाजकल्याणाच्या दृष्टीने मनोरंजनाच्या व फुरसतीच्या सोयी, आणि सर्वसामान्य लोकोपयोगाचे इतर काम, असे ते हेतू आहेत. आपले उद्दिष्ट यांतल्या कशात बसते हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

आमच्या पहिल्या मसुद्यात सत्तावीस उद्दिष्टे होती. ओळखीच्या एका ट्रस्टचे न्यासपत्र घेऊन आम्ही त्यातले नाव तेवढे बदलले होते, त्यामुळे अभ्यासिकेबरोबर गोशाळा, वृद्धाश्रम, मत्स्यशेतीचे प्रशिक्षण आणि शेवटी ‘व तत्सम सर्व कार्ये’ असे सगळेच त्यात आले होते. कार्यालयातल्या लिपिकांनी पेन्सिलीने त्या शेवटच्या तीन शब्दांभोवती गोल केला आणि विचारले, “हे कशाला?” उत्तर देता आले नाही. उद्दिष्टे भारंभार लिहिली की नोंदणीच्या चौकशीत प्रश्न वाढतात. त्याहून मोठी अडचण पुढे येते, कारण आयकर खातेही हीच उद्दिष्टे आणि प्रत्यक्ष खर्च ताडून पाहते. आम्ही शेवटी चारच ठेवली: अभ्यासिका, ग्रंथालय, गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती, आणि त्यांना पूरक व्याख्याने व शिबिरे.

नावाबाबतही सावध राहावे. राष्ट्रीय चिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या 1950 च्या कायद्यामुळे काही शब्द वापरता येत नाहीत, आणि ट्रस्ट ही सरकारी यंत्रणा आहे असा समज होईल अशी नावे कार्यालय स्वीकारत नाही. मंजुरीआधी पाट्या, पावती पुस्तके आणि लेटरहेड छापू नयेत. आम्ही छापली होती. नावात ‘स्मृती’ की ‘स्मारक’ यावर नंतर घरातच बदल झाला आणि पाचशे पावत्यांच्या मागच्या बाजू धाकट्या भाच्याच्या गणितासाठी उपयोगी पडल्या.

3. विश्वस्त निवडा

जो निधी किंवा मालमत्ता देतो तो न्यासकर्ता. जे ती मालमत्ता लाभार्थ्यांसाठी सांभाळतात ते विश्वस्त. न्यासकर्ता स्वतः विश्वस्त होऊ शकतो. आमच्याकडे आई न्यासकर्ती होती आणि पाच विश्वस्तांपैकी एकही होती. संख्या विषम ठेवावी आणि न्यासपत्रात किमान व कमाल आकडा द्यावा, म्हणजे एखादी जागा रिकामी झाली तरी काम अडत नाही.

घरचीच माणसे घेणे सोपे वाटते. माझे मत असे आहे की निम्म्याहून अधिक विश्वस्त एका घरातले असू नयेत. पुढे देणगी मागायला गेल्यावर लोक नावांची यादी वाचतात, आणि एकच आडनाव पाच वेळा दिसले की पाकीट परत खिशात जाते. आम्ही वडिलांचे एक विद्यार्थी आणि गावातल्या निवृत्त मुख्याध्यापिका यांना घेतले. पुढच्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले, आणि हिशेब नीट राहिले ते त्यामुळेच.

होकार देणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वच्छ सांगावे की हे मानाचे पद नाही. ट्रस्टचा पैसा विश्वस्ताच्या चुकीने बुडाला तर तो त्याच्याकडून वसूल होऊ शकतो आणि गैरकारभार दिसल्यास धर्मादाय आयुक्त त्याला निलंबित किंवा दूर करू शकतात.

4. न्यासपत्र लिहा: इथे घाई नको

सगळ्या प्रक्रियेत खरा वेळ इथेच द्यायला हवा. आज सगळे एकमेकांचे ऐकतात, म्हणून न्यासपत्र ही औपचारिकता वाटते. पण विश्वस्तांत मतभेद होतील, कोणी गाव सोडेल, कोणी सह्या करायचे थांबवेल, तेव्हा वाचले जाईल ते हेच पत्र. आमच्या वकिलांनी प्रत्येक कलमापाशी एकच प्रश्न विचारला: “भांडण झाले तर या ओळीवरून निकाल लागतो का?”

पुढील गोष्टी न्यासपत्रात असल्याच पाहिजेत. ट्रस्टचे नाव व कार्यालयाचा पत्ता. मूळ निधी: मालमत्तेशिवाय ट्रस्ट होत नाही, म्हणून रक्कम लहान असली तरी ती दिल्याचा स्पष्ट उल्लेख हवा. आईने 11,000 रुपयांनी सुरुवात केली आणि ठेवी नंतर रीतसर देणगी म्हणून दिल्या. त्यानंतर उद्दिष्टे, विश्वस्तांची संख्या, त्यांची मुदत, नवीन विश्वस्त कोण व कसा नेमणार, कोणत्या कारणाने पद जाईल, सभा वर्षातून किती, गणसंख्या किती, निर्णय बहुमताने की एकमताने, बँक खाते कोणाच्या सह्यांनी चालेल, हिशेब व लेखापरीक्षण. याखेरीज दोन कलमे आयकराच्या दृष्टीने मोलाची आहेत. ट्रस्ट अपरिवर्तनीय आहे, म्हणजे दिलेला निधी न्यासकर्त्याकडे परत जाणार नाही, हे एक. आणि ट्रस्ट बंद करण्याची वेळ आली तर उरलेली मालमत्ता समान उद्दिष्टांच्या दुसऱ्या सार्वजनिक ट्रस्टकडेच जाईल, हे दुसरे.

सर्वांत जास्त गोंधळ ‘वारसा पद्धती’च्या कलमात होतो. विश्वस्तपद एकाकडून दुसऱ्याकडे कसे जाते याला कार्यालयाच्या भाषेत हा शब्द आहे आणि नोंदवहीत त्याचा वेगळा रकाना असतो. आम्ही पहिल्यांदा ‘रिक्त जागा सर्वानुमते भरावी’ असे लिहिले होते. ऐकायला गोड वाटते, पण एका विश्वस्ताने नकार दिला तरी जागा कधीच भरता येणार नाही, हे वकिलांनी दाखवून दिले. आता तिथे ‘हयात व कार्यरत विश्वस्तांच्या बहुमताने, 60 दिवसांच्या आत’ असे आहे. तहहयात विश्वस्त ठेवायचे असतील तर त्यांच्या संख्येवर 2025 च्या दुरुस्तीने मर्यादा आणली आहे, तेव्हा त्या कलमाचा मसुदा नवीन तरतूद समोर ठेवूनच करावा. आम्ही सर्वांनाच पाच वर्षांची मुदत ठेवली आणि फेरनेमणुकीची मुभा दिली.

न्यासपत्र नंतर बदलू, असे म्हणून काही सोडून देऊ नये. नोंदणी झाल्यावर मूलभूत तरतुदी विश्वस्तांच्या साध्या ठरावाने बदलत नाहीत. त्यासाठी धर्मादाय आयुक्तांकडे योजना मंजूर करून घेण्याची लांबची प्रक्रिया करावी लागते.

5. मुद्रांक आणि सह्या

न्यासपत्र योग्य मुद्रांकावर करावे, न्यासकर्ता व सर्व विश्वस्तांनी प्रत्येक पानावर सही करावी आणि दोन साक्षीदार घ्यावेत. रोख रकमेचा ट्रस्ट असेल तर काम सोपे असते. जमीन किंवा घर देत असाल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो आणि मुद्रांक शुल्काचा हिशेब पूर्ण वेगळा होतो, म्हणून तो दस्त करण्यापूर्वीच काढून घ्यावा.

6. कागदपत्रे जमवा

- मूळ न्यासपत्र व साक्षांकित प्रती
- अनुसूची 2 मधील नोंदणी अर्ज, त्यावर नियमाप्रमाणे कोर्ट फी स्टॅम्प
- अर्जदार विश्वस्ताचे प्रतिज्ञापत्र
- प्रत्येक विश्वस्ताचे संमतिपत्र, फोटो, ओळखपत्र व पत्त्याचा पुरावा
- कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचे ना हरकत पत्र, सोबत वीजबिल किंवा घरपट्टीची पावती
- मूळ निधीचा व असल्यास स्थावर मालमत्तेचा पुरावा
- वकील दिला असल्यास वकीलपत्र

कार्यालयाप्रमाणे यात एखादा कागद वाढतो, म्हणून जाण्याआधी तिथल्या फलकावरची यादी पाहून घ्यावी.

आमचा अर्ज त्रुटीत निघाला तो नावांमुळे. आईचे नाव आधार कार्डावर साधे होते आणि न्यासपत्रात वकिलांच्या टंकलेखकाने आदराने पुढे ‘ताई’ लावले होते. मुख्याध्यापिका बाईंच्या कागदांवर माहेरचे आणि सासरचे अशी दोन आडनावे होती. दोघींसाठी ‘ही एकच व्यक्ती आहे’ अशी प्रतिज्ञापत्रे करावी लागली. दुसरी त्रुटी जागेची होती: ना हरकत पत्र काकांनी दिले, पण घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर होती. मसुदा टंकलिखित करण्यापूर्वी प्रत्येकाचे आधार कार्ड समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावे.

7. अर्ज आणि चौकशी

ट्रस्ट स्थापन झाल्यापासून 3 महिन्यांच्या आत अर्ज करण्याचे बंधन कलम 18 मध्ये आहे. न्यासपत्रावर सही करून ते कपाटात ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. जिथे ट्रस्टचे प्रशासकीय कार्यालय आहे किंवा मालमत्तेचा मोठा भाग आहे, तिथल्या धर्मादाय कार्यालयात अर्ज जातो. अर्ज ऑनलाइन भरण्याची सोय आहे. तरी मूळ कागद दाखवायला जावे लागेल, हे गृहीत धरावे.

यानंतर कलम 19 खाली चौकशी होते. ट्रस्ट खरोखर सार्वजनिक आहे का, मालमत्ता कोणती, विश्वस्त कोण, उत्पन्न कुठून येणार, हे तपासले जाते. हरकती मागवणारी नोटीस निघते आणि निरीक्षकाचा अहवाल येऊ शकतो. तारखेला अर्जदार विश्वस्ताने स्वतः हजर राहावे. आमच्या तिसऱ्या तारखेला मी ‘वकील आहेत ना’ म्हणून गेलो नाही, आणि साहेबांना नेमका जागेविषयीच प्रश्न होता. पुढची तारीख सात आठवड्यांनी मिळाली.

सगळे ठीक असेल तर आदेश होतो, नोंदणी क्रमांक मिळतो आणि ट्रस्टची नोंद अनुसूची 1 च्या नोंदवहीत होते. प्रमाणपत्र चौकटीत लावायला चांगले असते, पण पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात तो या नोंदवहीचा उतारा, ज्याला सगळे ‘शेड्यूल वन’ किंवा ‘पीटीआर उतारा’ म्हणतात. त्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती एकदमच काढून ठेवाव्यात. अर्ज फेटाळला गेला तर कलम 70 खाली 60 दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे अपील करता येते.

8. पॅन, बँक आणि आयकर

आधी ट्रस्टच्या नावे पॅन काढावे. त्यातली स्थापनेची तारीख न्यासपत्राची असते, नोंदणीची नव्हे. हे चुकले की पुढे प्रत्येक अर्जात विसंगती दिसते. मग विश्वस्तांचा ठराव करून बँक खाते उघडावे.

धर्मादाय नोंदणी झाली म्हणजे करमाफी मिळाली, हा फार पसरलेला गैरसमज आहे. त्यासाठी आयकर खात्याकडे स्वतंत्र नोंदणी लागते. ती ‘बारा ए’ म्हणून ओळखली जाते, आणि देणगीदाराला सवलत मिळण्यासाठीची मान्यता ‘ऐंशी जी’ म्हणून. ही कलमे 1961 च्या कायद्यातली आहेत. 1 एप्रिल 2026 पासून आयकर अधिनियम 2025 लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत, बोलण्यात मात्र जुनेच चालतात. नव्या ट्रस्टला पहिल्यांदा तात्पुरती नोंदणी मिळते आणि काम सुरू झाल्यावर ती कायम करून घ्यावी लागते. ती मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी, कारण विसरल्याची शिक्षा कराच्या रूपाने मिळते. उत्पन्नाचा किमान 85 टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करणे अपेक्षित असते.

देणगीदारांना दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगाव्यात. 2,000 रुपयांहून अधिक रोख देणगीवर ऐंशी जीची सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्या व्यक्तीला ती मिळतच नाही.

9. परदेशातील नातेवाइकांचे पैसे

आमचा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो आणि त्याने खाते उघडल्याच्या आठवड्यातच “पाठवू का?” असे विचारले. सुदैवाने लेखापालांनी आधी विचारले, “पासपोर्ट कुठला?” परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व असलेल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम ही परदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतले असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरी ती परदेशी देणगी ठरते, आणि विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ती घेणे गुन्हा आहे. ती नोंदणी नव्या ट्रस्टला लगेच मिळतही नाही. साधारणपणे 3 वर्षांचे काम आणि 15 लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. मावसभावाचा पासपोर्ट अमेरिकी निघाला. गावी आल्यावर पुस्तकांना पैसे देतो म्हणाला. नागरिकत्व तेच असल्याने रुपयांत दिले तरी नियम तोच, हे समजावताना आम्हाला अर्धा तास लागला.

10. नोंदणीनंतरची शिस्त

हिशेब दरवर्षी 31 मार्चला बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावे आणि अहवाल सहा महिन्यांत धर्मादाय कार्यालयात जाईल हे पाहावे. सभेचे इतिवृत्त बांधीव वहीत, पानांना क्रमांक घालून लिहावे.

पैसे कुठे ठेवायचे हेही कायद्याने ठरवून दिले आहे. कलम 35 नुसार ते अनुसूचित बँका, टपाल बचत, सरकारी रोखे आणि मान्यताप्राप्त सहकारी बँका अशा ठिकाणीच गुंतवायचे असतात. गावातली पतसंस्था दीड टक्का जास्त देते आणि अध्यक्ष ओळखीचे असतात, तरी तिथे ठेव ठेवू नये. पतसंस्था बुडाली तर जबाबदारी विश्वस्तांच्या अंगावर येते. ट्रस्टसाठी कर्ज काढायला पूर्वपरवानगी लागते. स्थावर मालमत्ता विकणे, बदलून देणे, दान करणे, शेतजमीन 10 वर्षांहून अधिक किंवा बिगरशेती जमीन व इमारत 3 वर्षांहून अधिक काळ भाड्याने देणे, या सर्वांना कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी हवी. मंजुरीविना केलेला व्यवहार वैध ठरत नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो बदल अर्ज, म्हणजे ‘चेंज रिपोर्ट’. विश्वस्त बदलला, वारला, राजीनामा दिला, पत्ता बदलला, नवी जागा घेतली, तर 90 दिवसांत कलम 22 खाली कळवावे लागते. अनेक जुन्या ट्रस्टच्या उताऱ्यावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांची नावे असतात, आणि मग कायदेशीर विश्वस्त कोण यावरूनच दावे चालतात. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

गेल्या वर्षी आई गेली. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहिले नसते, पण मुख्याध्यापिका बाईंनी इतिवृत्ताच्या वहीच्या आतल्या पानावर पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली होती आणि तिच्यापुढे 90 दिवस मोजून दुसरी. मृत्यूचा दाखला, रिक्त जागा भरल्याचा ठराव, नव्या विश्वस्ताचे संमतिपत्र आणि अनुसूची 3 मधील अर्ज असे चार कागद घेऊन आम्ही त्रेसष्टाव्या दिवशी त्याच खिडकीपाशी उभे होतो.